मृगाच्या आत

पुण्यात फ्लूची लस कधी घ्यायची, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा कुठेतरी वाचलेलं असतं की ऑक्टोबरमध्ये घ्यावी. युरोप-अमेरिकेतल्या थंडीसाठी ते बरोबर आहे, आपल्या श्रीनगरलाही लागू पडेल, कारण तिथे फ्लू हिवाळ्यात चढतो. आपल्याकडे तो पावसाचा हात धरून येतो. जूनच्या अखेरीस खोकला सुरू होतो, जुलै ते सप्टेंबर ओपीडीत उभं राहायला जागा नसते, आणि जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक लाट येते. लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मृग लागायच्या आत काम उरकायला हवं.

मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. २०२४च्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या झाडून सगळ्या माणसांना ही लस देण्याचं काम मी मागून घेतलं. त्याआधीही लस आमच्याकडे होतीच. फार्मसीच्या फ्रिजमध्ये असायची, सूचनाफलकावर कागद लागायचा, ज्याला हवी त्याने खाली येऊन घ्यावी. खाली कोण येणार? छातीविकार विभागाचे डॉक्टर, आयसीयूतल्या काही सिस्टर, मायक्रोबायॉलॉजीची मंडळी. ज्यांना आधीच पटलेलं होतं ते. बाकीच्यांपर्यंत तो कागद पोचतच नव्हता, आणि कित्येकांना तो आपल्यासाठी आहे असं वाटतही नव्हतं.

मला याची एवढी तळमळ का, हे सांगायला २००९मध्ये जावं लागेल. त्या ऑगस्टच्या ३ तारखेला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलीचा. मी तेव्हा नर्सिंगची विद्यार्थिनी होते. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेलं अख्खं शहर, बंद पडलेल्या शाळा, हे सगळं मी पाहिलं आहे. आमच्या वॉर्डात तेव्हा एक गोष्ट नीट दिसली. डॉक्टर मास्क लावून येत, तपासून जात. पेशंटच्या उशाशी सगळ्यात जास्त वेळ असायच्या त्या मावशी. उलटीचं भांडं धरायचं, चादर बदलायची, खोकणाऱ्या माणसाला धरून संडासला न्यायचं. त्यांच्याकडे मास्क सगळ्यात शेवटी पोचले. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला तो देऊ शकतो. म्हणजे धडधाकट दिसणारी सिस्टर किंवा मावशी नकळत केमोथेरपीच्या पेशंटकडे, बाळंतिणीकडे, डायलिसिसवरच्या आजोबांकडे तो घेऊन जाते. कर्मचाऱ्यांना लस देण्याचं निम्मं कारण ते स्वतः, निम्मं कारण खाटेवरचा माणूस.

विश्वस्तांपुढे हे मांडलं तेव्हा पहिला प्रश्न पैशांचाच आला, आणि तो यायलाच हवा होता. एका डोसची किरकोळ किंमत दीड-दोन हजारांच्या घरात जाते. घाऊक घेतली तर कमी पडते, तरी शेकडो माणसं म्हटल्यावर आकडा मोठा होतो. मी आधीच्या पावसाळ्याची आजारपणाच्या रजांची वही घेऊन गेले होते. कुठल्या आठवड्यात आयसीयूला किती सिस्टर कमी होत्या, किती जणींनी डबल ड्युटी केली, कुठल्या दिवशी मनुष्यबळाअभावी खाटा बंद ठेवाव्या लागल्या, एवढंच वाचून दाखवलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची शिफारसही आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस द्यावी अशीच आहे. पैसे मंजूर झाले.

मग माल. मार्चमध्येच एक वितरक सवलतीचा भाव घेऊन आला. खोका हातात घेऊन वाचला तर उत्तर गोलार्धाच्या २०२३-२४च्या हंगामाचा साठा, मुदत संपत आलेली. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कुठले प्रकार घालायचे ते ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशावर उत्तरेत असलो तरी महाराष्ट्राचा फ्लू पावसाळी, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हाती येणारी सगळ्यात ताजी लस असते दक्षिण गोलार्धाची. दोन्ही खोके शेजारी ठेवले तर त्या वर्षी फरक एकाच ओळीत होता. एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराच्या ओळीत जुन्यावर ए/डार्विन/९/२०२१, नव्यावर ए/थायलंड/८/२०२२. बाकी तिन्ही नावं तीच. वितरकाचं म्हणणं, एवढ्याशा फरकाने काय होतंय. पण एच३एन२ हाच म्हाताऱ्या माणसांना जास्त आडवं करणारा प्रकार, आणि आमचे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे. नवा माल यायला एप्रिल उजाडणार होता, तरी आम्ही थांबलो. लस खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने खोक्यावरची ही बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत, असं मला फार वाटतं.

थांबण्याचा एक फायदा झाला, यादी करायला वेळ मिळाला. या सगळ्या कामात खरा कस लागला तो यादीत.

एचआरने एका मिनिटात कागद छापून दिला. त्यावर पगारपत्रकावरची माणसं होती. तो कागद घेऊन मी सकाळी सातला मागच्या फाटकाशी उभी राहिले आणि आत येणाऱ्यांची नावं शोधू लागले. हाउसकीपिंगच्या मावशी आणि मामा कंत्राटदाराचे, कागदावर नाहीत. सिक्युरिटी एजन्सीची. कँटीन भाड्याने दिलेलं. डायलिसिस युनिट बाहेरची कंपनी चालवते, तिचे तंत्रज्ञ तिच्या पगारावर. ॲम्ब्युलन्सचे चालक, लाँड्रीची पोरं, लिफ्टमन, औषधाच्या दुकानातले सेल्समन, नर्सिंग कॉलेजच्या मुली, फिजिओथेरपीचे इंटर्न, आठवड्यातून दोनदा येणारे कन्सल्टंट आणि त्यांचे असिस्टंट. कॅज्युअल्टीच्या दारात व्हीलचेअर ओढणारा, खोकणाऱ्या पेशंटला सगळ्यात आधी हात लावणारा वॉचमन कुठल्याच यादीत नव्हता.

कंत्राटदारांच्या सुपरवायझरकडून हजेरीच्या वह्या मागवल्या. त्यांत नुसती पहिली नावं, एकाच नावाच्या तिघी. कुणी बदली म्हणून नणंदेच्या नावावर काम करत होती, तिला आपलं नाव सांगायची भीती. मी प्रत्येकीला सांगितलं की ही वही माझ्याकडेच राहील. शिफ्ट बदलायच्या वेळी फाटकाशी, कपडे बदलायच्या खोलीत, लिनन रूममध्ये बसून यादी वाढवत नेली, तेव्हा ती एचआरच्या कागदाच्या जवळजवळ दीडपट झाली. मग क्रम लावला. हुद्दा बघितला नाही. पेशंटच्या तोंडाजवळ कोण किती वेळ असतं, एवढंच बघितलं. मावशी, वॉर्डबॉय, सिस्टर, रेसिडेंट डॉक्टर, एक्स-रेचे तंत्रज्ञ, कॅज्युअल्टीचे वॉचमन आधी. ऑफिस आणि अकाउंट्स नंतर. अकाउंट्समधून थोडी कुरकुर झाली. ती मी ऐकून घेतली, क्रम बदलला नाही.

मावशींनी मात्र सरळ नाही म्हटलं. "सुई नको बाई." एकीने म्हटलं की सगळ्यांनी. आमच्या एका डॉक्टरांनी लगेच निष्कर्ष काढला की शिक्षण कमी, अंधश्रद्धा, व्याख्यान ठेवू. मला ते पटेना. याच बायका आपापल्या लेकरांना एकही डोस न चुकवता पोलिओ पाजून आणतात. दुपारी दीडला त्या लिनन रूमच्या बाहेर डबा खातात, तिथे मी माझा डबा घेऊन बसायला लागले. लशीचा विषय मी काढत नव्हते. एक दिवस त्यांच्यातली सगळ्यात वयस्क मावशी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "सिस्टर, तुमची लस चांगलीच असंल. पण दुसऱ्या दिवशी ताप आला तर खाडा कोण भरून देणार?"

सगळा प्रश्न तेवढाच होता. त्यांना रोजावर पैसे मिळतात. कोव्हिडच्या लशीनंतर कित्येकींना एक-दोन दिवस कणकण होती, तेवढे रोज बुडाले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या. लशीला त्यांचा विरोध नव्हताच. आणि याच हिशोबाने त्या पावसाळ्यात ताप अंगावर काढून कामावर येतात, हे तेव्हा माझ्या नीट ध्यानात आलं.

प्रशासकांकडे गेले. कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, माझी माणसं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, मी कशाला खर्च करू. खर्च रुग्णालय करणार हे आधीच ठरलं होतं, मागणी फक्त तापाच्या दिवसाच्या पगाराची होती. बोलणं बरंच लांबलं. शेवटी कागद झाला: लस घेतल्यावर दोन दिवसांत ताप आला तर त्या दिवसाचा रोज मिळेल, रुग्णालय भरून देईल. मराठीत आणि हिंदीत टाईप करून, सही-शिक्क्यानिशी मावशींच्या खोलीत आणि सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लावला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे मावशीच होत्या. तापासाठी रोज मागायला पुढे फारच थोड्या आल्या.

आता शीतसाखळी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. गरम झाली तर वाईट, गोठली तर ती फेकूनच द्यायची. पुण्याचा एप्रिल गेली काही वर्षं चाळिशीपार जातो. आमच्याकडे लसीकरण विभागाचा आयएलआर, म्हणजे खास लशींसाठीचा, वीज गेली तरी बराच वेळ थंड राहणारा फ्रिज होता, तो घेतला. फार्मसीचा घरगुती पद्धतीचा फ्रिज वापरायचा नाही हे पहिल्या बैठकीतच ठरवून टाकलं, कारण त्याचं दार दिवसभर उघडझाप होतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे पुणेकराला सांगायला नको. जनरेटर असला तरी गुरुवार टाळला. वळवाचा पाऊस संध्याकाळी येतो, म्हणून उरलेले डोस चारच्या आत परत आयएलआरमध्ये. मोठ्यांची ही लस बहुतेक भरलेल्या सिरिंजमध्ये येते, एकेक सुट्या खोक्यात. बालकांच्या लशींच्या छोट्या बाटल्या ज्या कॅरिअरमध्ये भरपूर मावतात त्यात या सिरिंज थोड्याच बसतात. म्हणून एका जागी चालणाऱ्या केंद्रासाठी मोठा कोल्ड बॉक्स आणि वॉर्डावॉर्डात फिरायला छोटे कॅरिअर. आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच घालायचा नाही. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचा, नाहीतर त्याला चिकटलेली सिरिंज गोठते. हे मी प्रत्येक टीमला स्वतः हलवून, कानाशी धरून दाखवलं.

केंद्रावर सगळीच माणसं येतील ही आशा मी पहिल्यापासूनच ठेवली नव्हती. वॉर्ड सोडून सिस्टर कशी येणार? कॅरिअर घेऊन आम्हीच फिरलो. ऑपरेशन थिएटरमध्ये पहिली केस सुरू व्हायच्या आधी, साडेसातला, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी. आयसीयूत रात्री, औषधांची फेरी झाल्यावर. उन्हाळी सुट्टीवर गावी निघालेल्या सिस्टरांना रजेच्या अर्जाबरोबरच. प्रत्येक फेरीत दोघी: एक टोचणार, एक प्रश्न विचारणार आणि नोंद करणार. आज ताप आहे का? आधी या लशीने जोरदार ॲलर्जी झाली होती का? लस घेतल्यावर सहा आठवड्यांत हातापायांतली शक्ती गेल्याचा, म्हणजे गियाँ-बारेचा, इतिहास आहे का? गरोदर आहात का? शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं की काही जणी आपणहून बाजूला व्हायच्या, आणि मी त्यांना हाताला धरून परत आणायची. गरोदरपणात फ्लू फार वाईट वागतो, आणि ही लस मेलेल्या विषाणूची असल्याने गरोदर बाईला ती द्यायचीच असते. दंडाच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर, सिरिंज सुईसकट पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, बॅचचं स्टिकर वहीत, अर्धा तास नजरेसमोर.

हे सुरळीत चाललं असतानाच एप्रिलच्या शेवटी ॲस्ट्राझेनेकाची बातमी आली. ब्रिटनमधल्या न्यायालयात कंपनीने लिहून दिलं होतं की तिच्या कोव्हिड लशीमुळे अत्यंत क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात. तीच लस आपल्याकडे कोव्हिशिल्ड म्हणून इथेच, पुण्यात बनली, आणि आमच्यातल्या बहुतेकांनी तीच घेतलेली. रात्रीत व्हॉट्सॲप पेटलं. दुसऱ्या दिवशी रांगच नाही. "त्या लशीचा या लशीशी संबंध नाही" एवढं म्हणून भागणारं नव्हतं, कारण लोक खरोखर घाबरले होते, आणि ज्यांच्या घरात कोव्हिडनंतर कुणी हार्ट अटॅकने गेलं होतं ते रडवेले झाले होते. आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडम कँटीनमध्ये दोन दिवस जेवणाच्या वेळी येऊन बसल्या. गुठळ्यांचा धोका २०२१पासूनच माहीत आहे, तो फार दुर्मिळ आहे आणि लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला आहे, तुमचे डोस होऊन वर्षं लोटली, हे त्यांनी शांतपणे, प्रत्येक टेबलावर पुन्हा पुन्हा सांगितलं. फ्लूच्या लशीचे धोकेही लपवले नाहीत: हात दुखेल, एखाद दिवस कणकण येईल, गियाँ-बारे दहा लाखांत एक-दोघांना. रांग हळूहळू परत लागली. १३ मेच्या मतदानाच्या सुट्टीनंतर ती पूर्ववत झाली.

डॉक्टरांचे आक्षेप वेगळ्या जातीचे. लस लागू पडते किती, चाळीस ते साठ टक्के, तेही प्रकार जुळला तर. खरं आहे, आणि मी ते नाकारलं नाही. पण ज्याच्या विरुद्ध हातात दुसरं काही धड नाही तिथे निम्मं संरक्षण मी सोडणार नाही, आणि लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो त्यांचा तो बहुधा सौम्य जातो. एका तरुण डॉक्टरने विचारलं की लशीतल्या चारांपैकी बी/यामागाता हा प्रकार मार्च २०२०नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही, मग चार प्रकारांची लस का? प्रश्न अगदी योग्य होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही तो प्रकार आता नको असं सांगितलं आहे. आमच्या खरेदीच्या वेळी हाती चारचीच लस होती. त्याने घेतली. व्हिजिटिंग कन्सल्टंट शेवटपर्यंत सगळ्यात अवघड राहिले. कारण नकार नव्हता, ते सापडतच नव्हते. त्यांच्या असिस्टंटला विश्वासात घेतल्यावर जमलं.

जे नाही म्हणाले त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवली होती, कारण लिहून सही. शिक्षा नाही, उपदेश नाही. ही लस अंड्यात वाढवतात, हे शाकाहारी मंडळींना मी स्वतःहून सांगितलं. काही जैन सहकाऱ्यांनी नको म्हटलं, काहींनी औषध म्हणून घेतली. दोन्ही नोंदी आदराने केल्या.

एकदा घाबरायची वेळ आली. प्रयोगशाळेतला एक उंचापुरा तंत्रज्ञ टोचल्यावर दोन मिनिटांत पांढराफटक पडला आणि खुर्चीवरून घसरला. आजूबाजूला आरडाओरडा. मी नाडी धरली: मंद होती. अंगावर पुरळ नाही, घसा आवळलेला नाही, श्वास मोकळा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, नाडी धावते. ही साधी चक्कर होती. आडवं करून पाय वर धरले, थोड्या वेळात तो डोळे उघडून ओशाळा हसला. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मात्र प्रत्येक कॅरिअरबरोबर असायचं, आणि त्याची मुदत आम्ही रोज वाचायचो. एकदाही वापरावं लागलं नाही.

शेवटच्या आठवड्यात काही डोस उरले, आणि मला ब्युरोच्या बायका आठवल्या. नातेवाइकांनी पेशंटजवळ रात्री बसायला ठेवलेल्या. आज आमच्याकडे, उद्या दुसऱ्या रुग्णालयात, परवा कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींपाशी. त्या कुणाच्याच कर्मचारी नाहीत. विश्वस्तांना फोन केला, त्यांनी लगेच हो म्हटलं. रात्री नऊला, शिफ्टवर येताना, लिफ्टपाशी टेबल टाकून त्यांना लस दिली. एकीने तीनतीनदा विचारलं की पैसे नंतर कापणार नाही ना.

मृग लागला तेव्हा यादीतली बहुतेक नावं खुणावून झाली होती. जूनअखेर पालख्या पुण्यात आल्या, वारकऱ्यांच्या सेवेला आमचं पथक दर वर्षीसारखं गेलं. पुढे फ्लू आलाच, लस घेतलेल्यांपैकीही काहींना झाला. रजेच्या वहीत ऑगस्ट आधीच्या वर्षापेक्षा हलका दिसतो. एका पावसाळ्यावरून मी त्यावर मोठा दावा करणार नाही. पण ताप आल्यावर मावशी आता येऊन सांगतात. पूर्वी सांगत नव्हत्या.

हाउसकीपिंगच्या नव्या करारात दोन कलमं वाढली आहेत: कामावर घेतल्यावर महिन्याभरात लस, आणि तापाच्या दिवसाचा रोज, लस घेतलेली असो वा नसो. सिक्युरिटीच्या करारात ती घालायचं बोलणं चालू आहे. ब्युरोच्या बायकांशी रुग्णालयाचा करारच नाही, म्हणून त्यांच्या नावांची वेगळी वही मी लिफ्टपाशी बसणाऱ्या वॉचमनकडे ठेवली आहे. रात्री येणारी प्रत्येक नवीन बाई त्यात आपलं नाव आणि फोन लिहून जाते.